त्या कुटुंबचित्रात कुटुंब कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कौटुंबिक छायाचित्रांवर आलेला लेख मी आस्थेने वाचला. अ‍ॅनी लीबोविट्झ या अमेरिकी छायाचित्रकर्तीने २०१६ मध्ये टिपलेले, इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ आणि तिच्याभोवतीची सात मुले यांचे छायाचित्र लेखकाने औपचारिक कुटुंबचित्राचा वस्तुपाठ म्हणून पुढे ठेवले आहे. मी अनेक वर्षे छायाचित्रण शिकवले असून हेच चित्र वर्गात भिंतीवर लावून विद्यार्थ्यांशी त्यावर वादही घातले आहेत. लेखातील कौतुकाचा बराचसा भाग मला मान्य आहे, परंतु ‘वस्तुपाठ’ हा निष्कर्ष मान्य नाही. त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडावी लागतील, म्हणून पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम चित्राची हकिकत. राणीचा नव्वदावा वाढदिवस २१ एप्रिल २०१६ रोजी होता. त्या निमित्ताने राजवाड्याने लीबोविट्झ यांची तीन छायाचित्रे प्रसिद्ध केली. एकात राणी आपल्या चार कुत्र्यांसह होती, दुसऱ्यात कन्या अ‍ॅन हिच्यासह आणि तिसऱ्यात सात मुलांसह. तिन्ही चित्रे ईस्टर उलटल्यावर लगेच विंडसर किल्ल्यात घेतलेली होती, आणि आपला विषय असलेले तिसरे चित्र तेथील ग्रीन ड्रॉइंग रूममध्ये घेतलेले होते. मुलांपैकी दोघे राणीची सर्वांत धाकटी नातवंडे, म्हणजे धाकटा मुलगा एडवर्ड याची अपत्ये : बारा वर्षांची लुईझ आणि आठ वर्षांचा जेम्स. उरलेली पाच पणतवंडे : राणीच्या मुलीच्या मुलाच्या, म्हणजे पीटर फिलिप्सच्या, सव्हाना आणि आयला या मुली, मुलीच्या मुलीची, म्हणजे झाराची, दोन वर्षांची मिया, आणि थोरला मुलगा चार्ल्स याच्या मुलाची, म्हणजे विल्यमची, मुले जॉर्ज व शार्लट. शार्लट तेव्हा अकरा महिन्यांची होती व ती राणीच्या मांडीवर आहे. सर्वांत लहान बाळ राणीच्या हाती देणे ही राजघराण्यातील चित्रांची परंपरा आहे, असा खुलासाही राजवाड्याने सोबतच्या मजकुरात आवर्जून केला होता. हा खुलासा मला बोलका वाटतो. बाळ पणजीच्या मांडीवर का आहे हेदेखील ज्या चित्रात मजकुराने सांगावे लागते, त्या चित्राला आपल्याकडून फारसे काही सांगायचे नसावे, असा संशय तेथूनच सुरू होतो.

आता नात्यांकडे वळतो, कारण माझा मुख्य आक्षेप तेथेच आहे. आपल्या कोणत्याही वाचकाने वरची यादी वाचली तर त्याच्या मनात नाती आपोआप लागू लागतील. जॉर्ज आणि शार्लट यांच्या वडिलांचा जेम्स हा चुलतभाऊ. तेव्हा आठ वर्षांचा जेम्स त्या दोघांचा काका झाला आणि लुईझ आत्या. सव्हाना आणि आयला यांच्या वडिलांचाही तो मामेभाऊ, म्हणजे पुन्हा काकाच. मियाच्या बाबतीत मात्र नाते आईकडून येते, म्हणून तिचा तो मामा आणि लुईझ तिची मावशी. एका खोलीत सात मुले आहेत आणि त्यांत दोन पिढ्या आहेत; शिवाय आठ वर्षांचा काका, बारा वर्षांची आत्या अशी गंमत आहे, जी मोठ्या कुटुंबात वाढलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. छायाचित्रकाराच्या हाती आयते आलेले हे द्रव्य आहे. लीबोविट्झ यांच्या चित्रात त्याचा मागमूस नाही. तेथे सात मुले आहेत आणि एक वृद्ध स्त्री आहे; मोठी मुले मागे आहेत, लहान मुले पुढे आहेत, एवढेच.

हे केवळ दुर्लक्ष असते तरी मी फारसे मनावर घेतले नसते, परंतु मांडणीने असलेली नातीही तोडली आहेत. राजवाड्याच्या मजकुरातील क्रम असा आहे : डावीकडून पहिला जेम्स, दुसरी लुईझ, मग मिया, मध्ये राणी आणि तिच्याजवळ शार्लट, उजव्या कडेला आयला, तिच्या अलीकडे जॉर्ज आणि त्याच्याही अलीकडे सव्हाना. म्हणजे सव्हाना आणि आयला या सख्ख्या बहिणींच्या मध्ये जॉर्ज आला आणि जॉर्ज व त्याची सख्खी बहीण शार्लट यांच्या मध्ये सव्हाना आली. बहिणीने बहिणीचा हात धरलेला नाही, भाऊ बाळाकडे वळलेला नाही. एखाद्या अनोळखी माणसासमोर नावे झाकून हे चित्र ठेवले आणि कोण कोणाचे ते ओळखायला सांगितले, तर त्याला चेहऱ्याच्या साम्याखेरीज दुसरा आधार मिळणार नाही. वर्गात मी हा प्रयोग करून घेत असे. उत्तरे नेहमी चुकत आणि चूक विद्यार्थ्यांची नसे.

आपल्याकडील जुन्या वाड्यांतून अजूनही भिंतीवर लटकणारे फॅमिली ग्रुप पाहावेत. ते काढणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या छायाचित्रकाराकडे कापडी पडदा, दोन लाकडी खुर्च्या आणि एक सतरंजी याखेरीज फारसे काही नसे. पण आजोबा-आजी खुर्च्यांवर, थोरला मुलगा आजोबांच्या बाजूला, प्रत्येक सून आपल्या नवऱ्याच्या मागे किंवा शेजारी, माहेरपणाला आलेली लेक आईच्या खांद्याशी आणि नातवंडे आपापल्या आईबापांच्या पुढ्यात सतरंजीवर, ही व्यवस्था इतकी पक्की असे की नव्वद वर्षांनंतर नावे सांगणारे कोणी उरले नसले तरी घर कसे होते ते कळते. त्या व्यवस्थेत जाच होता, कोण बसणार आणि कोण उभे राहणार यात घरातील सत्ता उघडी पडत होती, हे सगळे खरेच. परंतु औपचारिक कुटुंबचित्राचे ते काम आहेच. जागा वाटून दिल्या की नाते, मान, माया, दुरावा यांपैकी काहीतरी उमटते. ताठ उभे राहण्याची शिक्षा सोसूनही माणसे अशा चित्रासाठी तयार होतात ती याचसाठी.

येथे कोणी म्हणेल की लीबोविट्झ यांना वंशावळ दाखवायचीच नव्हती. एक दीर्घायुषी स्त्री आणि तिच्यानंतर येणारी बालके एवढाच विषय होता, आणि त्यासाठी मधली पिढी मुद्दाम वगळली होती. वगळण्याच्या या निर्णयाला मी दाद देतो. राणीची चारही मुले चित्रात नाहीत, आठ नातवंडांपैकी थोरली सहा नाहीत, राजगादीचा तेव्हाचा वारस चार्ल्स नाही आणि त्याचा वारस विल्यमही नाही. राजघराण्याच्या चित्रात असे धाडस सहसा दिसत नाही. पण मधली पिढी काढून टाकली की दोन टोकांमध्ये जे अंतर पडते ते चित्राने कशाने तरी भरून काढावे लागते. पणजी आणि पणतू यांच्यात सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांचे अंतर असते. पणजीच्या हाताला मऊ सैल झालेली कातडी असते आणि मूल ती चिमटीत धरून पाहते. मूल तिच्या कानातल्याला हात घालते, किंवा तिला घाबरून रडते. यांपैकी काही घडत असताना वाट पाहत थांबणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग असा की अंतर तसेच उघडे ठेवायचे आणि ते अंतर हाच विषय करायचा. लीबोविट्झ यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी हिरव्या रेशमी भिंती, सोनेरी मुलामा आणि आपला नेहमीचा मंद, तैलरंगातल्यासारखा प्रकाश यांनी ती पोकळी झाकली.

प्रकाशाचा मुद्दा थोडा तांत्रिक आहे, तरी तो सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. दिव्यापासून दोन मीटरवर असलेल्या चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी, साधारण ४४ टक्के, उजेड तीन मीटरवरच्या चेहऱ्यावर पडतो. म्हणून दोन-तीन ओळींत बसवलेल्या माणसांना जवळच्या एकाच दिव्याने उजळले तर पुढची मुले लख्ख आणि मागची अंधारी होतात. त्यावर उपाय म्हणजे दिवा खूप दूर नेणे, किंवा खिडकीच्या आडव्या उजेडात सर्वांना तिरप्या रेषेत बसवणे, किंवा वेगवेगळ्या चेहऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे लावणे, किंवा अनेक वेळा टिपून संगणकावर एकत्र करणे. पहिल्या दोन उपायांत सर्व माणसे एकाच हवेत बसल्यासारखी दिसतात. लीबोविट्झ यांचे चित्र पाहताना मात्र प्रत्येक मूल आपापला स्वतंत्र प्रकाश घेऊन आल्यासारखे माझ्या डोळ्यांना वाटते, आणि मग शेजारी उभी असलेली दोन मुले एका खोलीत असूनही एकत्र आहेत असे वाटत नाही. संगणकावरील जोडकामाची मला मुळीच अ‍ॅलर्जी नाही. २००७ मध्ये याच छायाचित्रकर्तीने काळ्या झग्यातील राणीला राजवाड्याच्या आत टिपून तिच्यामागे बागेचे आणि ढगाळ आकाशाचे वेगळे घेतलेले दृश्य जोडले होते, आणि ते चित्र मला त्यांच्या उत्तम कामांपैकी वाटते. तेथे राणी एकटी होती आणि एकटेपण हाच विषय होता. कुटुंबचित्रात नेमकी तीच सवय घातक ठरते, कारण तेथे जे दाखवायचे ते माणसांच्या मधल्या जागेत असते, आणि प्रत्येक माणूस सुटा उजळला की ती मधली जागा मरते.

आपल्या लेखकाने चित्रातील ‘जिवंतपणा’चे उदाहरण म्हणून मियाच्या हातातील बॅगेचा उल्लेख केला आहे. राणीची काळी हँडबॅग दोन्ही हातांनी सांभाळणारी दोन वर्षांची मुलगी जगभर लोकांना आवडली, मलाही आवडली. परंतु तिचे श्रेय कोणाला द्यायचे? मिया थोडा खट्याळपणा करीत होती आणि राणीनेच तिला बॅग धरायला सांगितले, असे तिच्या आईने नंतर सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे चित्रातील एकमेव हालचाल, एकमेव व्यवहार, पणजीने पणतीला सोपवलेले एकमेव काम हे चित्रात बसलेल्या नव्वद वर्षांच्या स्त्रीने घडवून आणले. चुळबुळ करणाऱ्या पोराच्या हाती काहीतरी देऊन त्याला गुंतवावे, हे शहाणपण कोणत्याही आजीकडे असते. लीबोविट्झ यांनी ते टिपले व निवडले, एवढे श्रेय त्यांचे आहेच. पण बॅग झाकून उरलेले चित्र पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल.

हीच खोली, हीच राणी आणि दुसरा छायाचित्रकार, अशी एक तुलना सुदैवाने उपलब्ध आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने भरवलेल्या प्रदर्शनासाठी २०११ मध्ये जर्मन छायाचित्रकार थॉमस श्ट्रूट यांच्याकडून राणी आणि प्रिन्स फिलिप यांचे चित्र करून घेतले. श्ट्रूट हे ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत गेरहार्ड रिख्टर आणि पुढे बेर्न्ड व हिला बेखर यांचे विद्यार्थी. ऐंशीच्या दशकापासून त्यांनी जपान, स्कॉटलंड, जर्मनी अशा ठिकाणच्या कुटुंबांची मोठ्या आकाराची चित्रे केली आहेत. त्या कामाचे मूळ इंगो हार्टमान या मनोविश्लेषक मित्राबरोबर रुग्णांची घरगुती छायाचित्रे अभ्यासण्यात आहे, ही गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. श्ट्रूट यांची पद्धत साधी आणि चिकाटीची आहे. तिपाईवरचा मोठा फिल्म कॅमेरा, घरातीलच एखादी खोली, आणि कोणी कोठे बसायचे वा उभे राहायचे हे बहुतांशी त्या कुटुंबानेच ठरवायचे. सर्वांनी भिंगाकडे पाहायचे आणि स्थिर राहायचे. माणसे स्वतःच्या जागा स्वतः निवडतात तेव्हा त्या निवडीत घरातले पुष्कळ काही बाहेर येते. बाप खुर्ची पकडतो, मोठी मुलगी दाराच्या चौकटीशी जाते, धाकटा आईच्या आणि भिंतीच्या मध्ये शिरतो. हिरोशिमाचे हिरोसे कुटुंब किंवा स्कॉटलंडमधील फाइफचे स्मिथ कुटुंब यांच्या चित्रांपुढे पाहणारा बराच वेळ रेंगाळतो, तो याच निवडींमुळे.

विंडसरमध्ये अर्थातच एवढे स्वातंत्र्य नव्हते. राणीचा फिकट निळा पोशाख श्ट्रूट यांनी आधीच निवडून ठेवला होता, आणि उशी कोठे असावी याचीही काळजी घेतली होती. तरीही ग्रीन ड्रॉइंग रूममधील त्या सोफ्यावर जे दोघे बसले आहेत ते चौसष्ट वर्षे संसाराला होत आलेले जोडपे आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ती दोघे एकमेकांना बिलगलेली नाहीत. त्यांच्यामध्ये थोडी जागा सुटली आहे. ती दुराव्याची नाही, सवयीची आहे. दोघांनी समोर पाहिले आहे, कारण दोघांना आयुष्यभर समोर पाहण्याचेच काम होते. वय झाकलेले नाही, खोलीचा डौलही झाकलेला नाही. मात्र डौल माणसांच्या अंगावर आलेला नाही. औपचारिकता ही कुटुंबचित्राची शत्रू नाही, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही. आपल्या लेखात ‘औपचारिक पण जिवंत’ असा शब्दप्रयोग आहे. त्यातला ‘पण’ मला खटकतो, एवढेच येथे नोंदवतो.

त्याच आठवड्यात राणीचे आणखी एक कुटुंबचित्र प्रसिद्ध झाले होते. रॅनल्ड मॅकेक्नी यांनी आदल्या उन्हाळ्यात बकिंगहॅम राजवाड्यात ते टिपले होते आणि ब्रिटिश टपाल खात्याने ते वाढदिवसाच्या तिकिटांसाठी वापरले. राणी, चार्ल्स, विल्यम आणि जॉर्ज. चौघांची चार तिकिटे. जॉर्जचे डोके इतरांच्या पातळीला यावे म्हणून त्याला फोमच्या ठोकळ्यांवर उभे केले होते, आणि ते ठोकळे दिसतील असेही एक छायाचित्र प्रसिद्ध करण्यात आले. कलाकृती म्हणून हे चित्र लीबोविट्झ यांच्या चित्राच्या जवळपासही नाही. प्रकाश सपाट, रंग बँकेच्या दिनदर्शिकेतले. परंतु ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या मुलाचा हात बापाने धरला आहे आणि रांग कोणाकडून कोणाकडे जाते ते एका नजरेत कळते. या चित्राची आई १८९४ मधली आहे : पुढे आठवा एडवर्ड होणारे बाळ व्हिक्टोरिया राणीच्या मांडीवर आणि मागे बाळाचे आजोबा व वडील उभे, असे चार पिढ्यांचे प्रसिद्ध छायाचित्र. त्याच्याही मागे गेले तर विंटरहाल्टर या चित्रकाराने १८४६ मध्ये रंगवलेले व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांच्या पाच मुलांचे भलेमोठे तैलचित्र येते. त्या चित्रातला थाट आजच्या डोळ्यांना असह्य वाटावा इतका आहे. तरीही राणीचा हात थोरल्या मुलाभोवती आहे, म्हणजे भावी राजाभोवती, आणि मुली एका बाजूला तान्ह्या हेलेनाभोवती गोळा झाल्या आहेत. आईपण आणि राजपद या दोन्ही गोष्टी त्या एका हाताच्या जागेने सांगितल्या आहेत. राजवाड्याच्या खुलाशातील ‘परंपरा’ हीच असेल, तर लीबोविट्झ यांनी त्यातली मांडी घेतली आणि हात सोडून दिला.

लीबोविट्झ यांना नाते टिपता येत नाही असे मात्र कोणी समजू नये. माझी तक्रार तीव्र होते ती त्यांना ते किती उत्तम येते हे ठाऊक असल्यामुळे. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमधील घरी त्यांनी ‘बीटल्स’चा गायक जॉन लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचे जे छायाचित्र घेतले, त्यात विवस्त्र लेनन काळ्या कपड्यांतील योकोला लहान मुलासारखा वेटोळे घालून बिलगला आहे आणि ती मात्र त्याच्याकडे पाहत नाही. त्याच रात्री लेननची हत्या झाली, म्हणून ते चित्र गाजले असे म्हटले जाते. हत्या झाली नसती तरी ते थोरच ठरले असते, कारण दोन शरीरांच्या जागेने एका संसाराचे सगळे असमतोल प्रेम त्यात दिसते. ज्या स्त्रीने हे केले तिने विंडसरमध्ये मुलांना उंचीप्रमाणे उभे करावे, याचे कारण कौशल्याचा अभाव हे नसून परिस्थिती हे असणार. राजघराण्यात छायाचित्रकाराला वेळ मोजून मिळतो. २००७ च्या बैठकीत मुकुटावरून राणी आणि लीबोविट्झ यांच्यात जो खटका उडाला तो चित्रफितीत आला, आणि बीबीसीने त्या फितीची जाहिरात उलटसुलट जोडून दाखवल्याने वाहिनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. असा इतिहास पाठीशी असताना, सात मुले, त्यांपैकी तीन जेमतेम चालू-बोलू लागलेली किंवा तीही नाहीत, एवढी मंडळी समोर असताना, कोणताही छायाचित्रकार सुरक्षित मांडणीकडेच वळेल. हे मी समजू शकतो. मात्र वळण्याचे कारण समजले म्हणून वळणे आदर्श ठरत नाही. दोन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, याच खोलीत हॅरी आणि मेगन यांच्या लग्नाची चित्रे अलेक्सी लुबोमिर्स्की यांनी थोडक्या मिनिटांत उरकली. मुलांना हसवण्यासाठी त्यांनी ‘स्मार्टीज (चॉकलेटच्या गोळ्या) कोणाला आवडतात?’ असे विचारले आणि काम झाले. तेथे निदान मुले एकाच गोष्टीला हसली.

शेवटचे उदाहरण सर्वांत गमतीचे आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे विल्यमची पत्नी कॅथरीन हिने आपल्या आजेसासूचे, म्हणजे राणीचे, नातवंडा-पणतवंडांसह छायाचित्र घेतले; राणीच्या निधनानंतर, २१ एप्रिल २०२३ रोजी, ते प्रसिद्ध झाले. मांडणी उघडउघड २०१६ च्या चित्रावरून घेतलेली आहे : सोफ्यावर राणी मध्यभागी, मागे तेच जेम्स आणि लुईझ, भोवती आता आठ पणतवंडे. मार्च २०२४ मध्ये कॅथरीनचे मातृदिनाचे छायाचित्र फेरफारांमुळे वृत्तसंस्थांनी मागे घेतले, तेव्हा लोकांनी हे जुने चित्रही भिंगाखाली धरले, आणि गेटी या छायाचित्रे पुरवणाऱ्या संस्थेने त्यावर मूळ पुरवठादाराकडेच संगणकीय बदल झाल्याची नोंद केली. राणीच्या स्कर्टच्या चौकड्या एके ठिकाणी जुळत नाहीत. वृत्तछायाचित्र म्हणून ते नापासच आहे, आणि तसे ठरवणाऱ्यांशी मी सहमत आहे. तरी त्यात पुढच्या बाजूला मिया बसली आहे, सहा वर्षांपूर्वी बॅग धरलेली तीच मिया, आणि या वेळी तिच्या हातात तिचा धाकटा भाऊ लुकस आहे. भावाला सांभाळणारी बहीण ही गोष्ट कोणत्याही मजकुराशिवाय कळते. घरच्या सुनेने, हौशी हाताने, वर जोडकाम करून घेतलेल्या चित्रात जी गोष्ट आली ती जगद्विख्यात छायाचित्रकर्तीच्या चित्रात नाही, याचे मला आजही नवल वाटते. बहुधा कोण कोणाचे हे कॅमेऱ्यामागच्या व्यक्तीला तोंडपाठ होते, म्हणून ते घडले असावे.

आता आपल्या पुरवणीबद्दल दोन सूचना. लेखासोबतच्या ओळीत सातही मुलांना ‘नातवंडे’ म्हटले आहे. त्यांपैकी दोनच नातवंडे आहेत, पाच पणतवंडे आहेत, हे वर आलेच आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्तंभाच्या रुंदीत बसवण्यासाठी चित्राची उजवी कड कापली गेली असून आयला अर्धी बाहेर गेली आहे. त्यामुळे मुळात तुटलेली बहिणींची जोडी आपल्या वाचकांना दिसतच नाही आणि मांडणीवरील माझा आक्षेप त्यांना पडताळून पाहता येत नाही. तरी ते छायाचित्र न कापता, सर्वांच्या नावांसह आणि शक्य झाल्यास शेजारी श्ट्रूट यांचे २०११ चे चित्र देऊन पुन्हा छापावे, अशी विनंती आहे. लेखकमहाशयांनी त्यावर उत्तर लिहिल्यास मी ते अगत्याने वाचीन.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रण-शिक्षक, मिरज